दिगंबरच्या डाव्या हाताला

५ जानेवारी, रविवार

निरंजनशेठनी आज कारखान्यावर बोलावलं होतं. केळीच्या वेफर्सचा कारखाना. आत पाऊल टाकलं की अंगाला तेलाचा जो वास लागतो तो दोन आंघोळींनीही जात नाही. पण आमची रॅलीची जिप्सी ह्याच माणसाच्या मालकीची, म्हणून वास सोसायचा.

शेठ म्हणाले, “सर, सरळ विचारतो. दिगंबरला ठेवू की काढू? सोळा फेब्रुवारीच्या रॅलीत मला पहिल्या तिनात नंबर पाहिजे. मागच्या तीन रॅल्यांत चौथा, सहावा, नववा. माझा भाचा रोहित इंदूरहून आलाय, चांगली चालवतो. पण एकोणीस वर्षं दिगंबरच्या बाजूला तुम्ही बसताय. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? मला लिहून द्या.”

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला. माझं काम ह्या बुऱ्हाणपुरात कुणाला कळतच नाही. रॅलीच्या आधी हळू गाडी फिरवून रस्त्याचं प्रत्येक वळण वहीत उतरवायचं, आणि शर्यतीत ते धडाधड वाचून दाखवायचं. ‘दोनशे, डावं तीन, पुढे खाली.’ म्हणजे दोनशे मीटरवर डावं वळण, मध्यम, आणि त्यापुढे उतार. चालवणाऱ्याने ऐकायचं आणि हातपाय हलवायचे. डोकं माझं, हातपाय दिगंबरचे. ह्याला नेव्हिगेटर म्हणतात. आमच्या लोधीपुऱ्यात म्हणतात, “सर गाडीत बसतात.”

७ जानेवारी

नववीच्या सहामाहीचे पेपर बाजूला सारून अहवालाचा कच्चा मसुदा केला. दिगंबरवर लिहायला बसलं की हात थांबत नाही.

वय एकोणसाठ. ब्रेक फार लवकर लावतो. मी ‘सरळ’ सांगितलं तरी ह्याचा पाय ब्रेकवर. माझ्या सूचनांवर विश्वास नाही, किंवा त्या त्याच्या मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. दुसरंच खरं असावं. रॅलीच्या आदल्या दिवशी हा गृहस्थ हातात काठी घेऊन चौदा किलोमीटरचा सगळा रस्ता पायी चालून येतो. वही कशाला लिहितो मी? देवळाला प्रदक्षिणा घालतोय की काय हा? आणि गाडीत मध्येच ‘बरोबर, सर’, ‘बरोबर, सर’ करत असतो. मी बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. ह्याच्या शिक्क्याची गरज नाही. लाळघोटेपणा गॅरेजवाल्यांच्या रक्तातच असतो.

बायकोला, कुसुमला, वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, “तुम्ही आधी डोळे दाखवून या. परवा तुम्ही हळदीच्या डब्यातून चहाची पूड काढत होतात.” विषय काय, ही बोलते काय. हिच्यापुढे मी हात टेकले.

११ जानेवारी

सिंधीपुऱ्यात दिगंबरच्या गॅरेजवर गेलो. जिप्सी वर चढवलेली, हा खाली आडवा. तसाच म्हणाला, “सर, एक बोलू? ह्या टायमाला वहीतलं अक्षर थोडं मोठं काढा ना. एका पानावर कमी ओळी आल्या तं बी चालते.”

माझं अक्षर! ज्या अक्षराला कॉलेजात बक्षीस मिळालं, ज्याचे फलक शाळेत पंधरा वर्षं लागताहेत, ते मोठं काढा म्हणतो. वाचणार कोण? मी. ह्याला स्वतःला बाराखडी लिहायची तर घाम फुटतो. मी म्हटलं, “गाडी नीट चालव, ओळी उड्या मारणार नाहीत.” खरंच, हल्ली पानावरच्या ओळी इतक्या हलतात की मध्ये एखादी निसटते. एवढे धक्के देऊन कुणी गाडी चालवतं का? हाही मुद्दा अहवालात घातला.

१४ जानेवारी, संक्रांत

दिगंबर तिळगूळ घेऊन आला. दरवर्षी येतो, दरवर्षी दारातच चपला काढून उभा राहतो, दरवर्षी मला ‘बस’ म्हणावं लागतं. बसला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाला, “सर, शेठ मला काढून राहिले म्हणे. तुमाले काही बोलले का?”

मी म्हटलं, “मला काय बोलणार?”

“मला गॅरेजची पर्वा नाही सर. ते पोरगं पाहते. पण ही गाडी सुटली तं माझ्यात काही उरत नाही. सालातून दोनदा त्या सीटवर बसतो, त्याच्यावर बाकीचं साल निघते. अजून दोन साल भेटले ना, मंग मी स्वतःच उतरतो.”

इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तो गेल्यावर वाटलं, अहवालात शेवटी एखादं बरं वाक्य टाकावं. ‘प्रामाणिक आहे’ वगैरे. मग वाटलं, प्रामाणिक तर आमचा शिपाईही आहे, म्हणून त्याला कुणी शर्यतीत बसवत नाही. नाही टाकलं. मी खोटं बोललो ह्याचं थोडं वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

१९ जानेवारी, रविवार

असीरगडच्या रस्त्यावर सराव. असीरगड गावातून निघून किल्ल्याच्या पायथ्याला वळसा, मग कच्चा रस्ता थेट तापीच्या बाजूला. शेठनी गाडीत कॅमेरा बसवलाय. चित्र आणि आवाज दोन्ही येतं. मला आनंदच झाला. आता माझं म्हणणं पुराव्यानिशी सिद्ध होईल.

दिगंबर नेहमीसारखाच. चौदा किलोमीटरात पाच-सहा वेळा तरी विनाकारण ब्रेक, पाच-सहा वेळा तरी ‘बरोबर, सर’. गाडी थांबल्यावर मी स्पष्ट विचारलं, “मी सांगतो ते तुला ऐकू येतं की नाही?” म्हणाला, “येते ना सर. समदं ऐकू येते.” आणि पाणी प्यायला निघून गेला.

२२ जानेवारी

अहवाल दिला. दोन पानं, दोन्ही बाजूंनी. शेठनी उभ्याउभ्याच चाळला आणि म्हणाले, “सर, भाषा लई कडक आहे.” मी म्हटलं, “विषयच तसा आहे.”

ठरलं असं: सव्वीसला त्याच रस्त्यावर रोहितची चाचणी, बाजूला मी. वेळ चांगली आली तर दिगंबर बाहेर.

२५ जानेवारी

रोहित घरी येऊन भेटला. वय चोवीस. कानात बाळी, पायात मोज्यांशिवाय बूट. जन्म बुऱ्हाणपूरचा, पण वाढला इंदुरात, त्यामुळे मराठी बोलताना अर्ध्या वाटेतून हिंदीत पळून जातो. “सर, तुमच्या नोट्स हिंदीमध्ये नाही का भेटणार? मतलब, मला थोडं इझी जाईल.”

मी म्हटलं, “नोट्स मराठीतच असतात.”

“नो टेन्शन सर. बस तुम्ही बोला, मी डोळे बंद करून फॉलो करतो.”

ह्याला म्हणतात चालक. दिगंबरने एकोणीस वर्षांत असं वाक्य कधी उच्चारलं नाही. पोरगं बावळट आहे, पण बावळटपणाला वळण लावता येतं. कुसुमने दिलेला दराबा, आमच्याकडची रव्याची मिठाई, दोनदा मागून खाल्ला.

२७ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, हात गळ्यात. उजवा शाबूत आहे म्हणून निदान हे लिहितोय.

शाळेतलं झेंडावंदन आटपून असीरगडला पोचलो. सुरुवातीला रोहित जरा हळू होता. दोन ठिकाणी मला विचारलं, “सर, पक्का? लेफ्ट दिख रहा है.” असल्या शंका घेत राहिलास तर शर्यत कधी जिंकायची? तेही त्याला सुनावलं. मग त्याने वेग घेतला. इतक्या वेगात मी कधी बसलो नव्हतो. हाच तो वेग, हाच दिगंबरने एकोणीस वर्षं माझ्यापासून दडवून ठेवला, असं वाटलं.

नवव्या किलोमीटरला रस्ता एकदम दरीत गेल्यासारखा उतरतो आणि डावीकडे वळतो. मी वेळेवर, खणखणीत आवाजात सांगितलं, “शंभर, पुढे खाली! खाली!”

आणि त्या गाढवाने, “ओके सर!” म्हणून ॲक्सिलरेटर तळाला टेकवला.

उतारावर चाकांना जमीनच नव्हती. मग केळी. सगळीकडे केळी. बागेत पंचवीस-तीस खांब आडवे करून जिप्सी उभी राहिली, काचेवर एक आख्खा घड. रोहितला खरचटलंही नाही. हेल्मेट काढून माझ्यावरच ओरडायला लागला, “सर, आपने ही तो बोला, खाली!”

“खालीच होतं!”

“कहाँ खाली था? पूरा बगीचा सामने था!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत ‘खाली’ म्हणजे मोकळं. मी उतार सांगत होतो, हा रस्ता मोकळा आहे असं ऐकत होता. कपाळावर हात मारला, तोही उजवा; डावा उचलतच नव्हता.

बाग धुरपदाबाईची. सत्तरीची बाई, विळा घेऊनच आली. आम्हाला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, “दिगू नाही का आज गाडीत? तो तं दरसाल पायी येऊन पाहून जातो, इथं बसून पानी पितो. त्यानं कधी माझं एक पान नाही तोडलं.” शेठनी तिला नुकसान भरून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे विळा खाली गेला.

२९ जानेवारी

गावभर झालं. चौकात चहावाला विचारतो, “सर, बाकडं खाली आहे, बसता का?” नववीच्या वर्गात शिरलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘खाली’ आणि त्याखाली बाण. हसण्यासाठी ह्या गावाला फार थोडं पुरतं.

चूक कुणाची ह्यावर मात्र शेठ गप्प आहेत, आणि ते मला चालणार नाही. मराठी माणसाने मराठी शब्द मराठी अर्थाने वापरला, ही चूक होत नाही. मी आज त्यांना फोन केला. म्हटलं, एकोणीस तारखेचं दिगंबरचं रेकॉर्डिंग काढा. तोच रस्ता, तीच जागा, तोच शब्द. दिगंबरसारख्या ठोंब्याला जे कळलं ते तुमच्या भाच्याला कळलं नाही, हे सगळ्यांसमोर दिसू द्या.

शेठ म्हणाले, “सर, खरंच पाहायचं?” मी म्हटलं, “सगळ्यांसमोर.”

१ फेब्रुवारी, शनिवार

कारखान्यातल्या ऑफिसात मोठा टीव्ही लावला होता. शेठ, रोहित, मी, आणि दाराशी दिगंबर. दिगंबर म्हणाला, “शेठ, राहू द्या ना. गाडी सुधारली, सर वाचले, झालं.” मी म्हटलं, “तू गप्प बस. तुझ्याच भल्याचं आहे.”

नववा किलोमीटर लावला. पडद्यावर रस्ता पळतोय. उताराच्या आधीचं बाभळीचं झाड आलं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, आता माझा ‘खाली’ येणार म्हणून.

माझा आवाज आला, “तीनशे, सरळ.”

गाडीला करकचून ब्रेक लागला, ती उतार उतरली, डावीकडे वळली. मग दिगंबरचा आवाज, “बरोबर, सर.”

मी म्हटलं, “मागे घ्या. परत लावा.” परत लावलं. परत ‘तीनशे, सरळ’. माझाच आवाज, खणखणीत. ती पुढच्या पुलाजवळची ओळ होती. मधली ओळ मी खाल्ली होती.

शेठ बंद करायला निघाले. मी नको म्हटलं. सुरुवातीपासून लावायला सांगितलं. ‘डावं दोन’ म्हणतो मी, आणि स्टिअरिंग उजवीकडे जातं, आणि रस्ताही उजवीकडेच जातो, आणि दिगंबर म्हणतो, “बरोबर, सर.” पुढे पुन्हा. आणखी पुढे पुन्हा. जिथे मी खरोखर बरोबर सांगत होतो तिथे तो काहीच बोलत नव्हता. सात वेळा मोजलं. रोहित हळूच म्हणाला, “मामा, ये तो बिना नोट्स के चला रहे हैं.” त्याला हसू आलं नाही, ह्याचा मला जास्त राग आला.

मी दिगंबरला विचारलं, “कधीपासून?”

तो जमिनीकडे पाहत होता. “तीन-चार साल झाले असतील सर. पयले एकदम पक्कं होतं तुमचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तं तुमी बसले असते का?”

मी म्हटलं, “तुला काढावं म्हणून मी दोन पानं लिहून दिलीत.”

“माहीत आहे सर. शेठनं वाचून दाखवलं.” मग म्हणाला, “काही शब्द नाही कळले. पण चांगलं लिहिलं होतं.”

तो टोमणा मारत असता तर मी सहन केलं असतं.

२ फेब्रुवारी

काही खाल्लं नाही. दिवसभर मुलांना दिशा शिकवणारा माणूस. काय नालायक माणूस आहे मी.

४ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. डॉक्टर विचारतो, “इतके दिवस काम कसं चाललं?” कुसुम म्हणाली, “चालवणारा चांगला होता.” हिला कुणी सांगितलं देव जाणे.

६ फेब्रुवारी

शेठ स्वतः घरी आले. दिगंबरची सीट कायम. रोहितची मैत्रीण मृणाल इंदूरहून येणार, ती दोन वर्षं नेव्हिगेटर आहे, मराठी-हिंदी दोन्ही चोख. सगळं जुळलं होतं. पण दिगंबर नाही म्हणतोय.

शेठ म्हणाले, “म्हणतो, सर नसतील तं मी बी नाही. मी म्हटलं, अरे, त्यांना दिसत नाही. तर म्हणतो, मला दिसते ना. सर, मी दहा तारखेपर्यंत थांबतो. नाहीतर रोहितला बसवतो, नंबर गेला खड्ड्यात. तुम्ही समजावा त्याला.”

म्हणजे त्या सीटसाठी जो जीव टाकतो, तोच ती माझ्यापायी सोडतोय. इतका मूर्ख माणूस मी पाहिला नाही. आणि मी त्याला काय समजावणार? प्रेमाने सांगायला गेलो तर तो माझ्या पाया पडेल आणि पुन्हा बाजूला बसवेल. मला तो मोह होईल, हेही मला माहीत आहे. आत्तासुद्धा होतोय.

८ फेब्रुवारी

गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, “दिगंबर, तीन-चार वर्षं तू मला फसवलंस. मला वेड्यात काढलंस. ज्या माणसाने मला खोटं ‘बरोबर’ म्हटलं त्याच्या बाजूला मी बसणार नाही. उद्यापासून ती पोरगी बसेल. तू सीट सोडलीस तर लोक म्हणतील, मास्तरच्या कुबडीशिवाय दिगंबरला चालवता येत नव्हतं. आणि मीही तेच सांगत फिरेन.”

त्याचा पाना हातात तसाच राहिला. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, कसला माणूस आहे म्हणून.

मग मान डोलावून म्हणाला, “हाव सर.”

घरी येताना मनात ठरवत होतो की हे सगळं मी त्याच्यासाठी बोललो. पण अर्धं तरी खरं होतं. त्याने माझी कीव केली ह्याचा राग अजून गेलेला नाही. तो कधी जाईल असं वाटत नाही. अर्धं त्याच्यासाठी, अर्धं माझ्यासाठी. दोन्ही अर्धी वापरून काम झालं, एवढं खरं.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाणार नव्हतो. कुसुमने रिक्षा बोलावली आणि आत बसून राहिली, मग जावं लागलं.

नवव्या किलोमीटरला दोरीच्या मागे उभे राहिलो. आजूबाजूच्या खेड्यांतली पाच-पन्नास माणसं होती. गाड्या एकेक करून येत होत्या. बहुतेकांनी बाभळीपाशीच ब्रेक मारले, रोहितच्या वयाच्या पोरांनीसुद्धा. मला गाडीचा रंग नीट दिसत नव्हता. कुसुम सांगत होती, लाल गेली, पांढरी गेली.

मग आवाज ओळखीचा आला. कुसुमने सांगायच्या आधीच मला कळलं. बाभूळ मागे पडली तरी आवाज कमी होईना. मी ब्रेकची वाट पाहत होतो. एकोणीस वर्षांची सवय, माझाच पाय आपोआप दाबला गेला. आवाज उताराच्या तोंडाशी आल्यावर इतकुसा दबला, आणि गाडी अंगावरून वारं जावं तशी डावीकडे निघून गेली. धूळ आली तेव्हा आवाज नदीकडे पोचला होता.

मला रडू आलं. चष्म्यात धूळ गेली असं कुसुमला सांगितलं, तिने पुसायला चष्मा मागितला नाही.

शेजारी डोक्याला उपरणं बांधलेला एक माणूस होता. म्हणाला, “हा दिगंबर ना? मी दरसाल येतो. हा तं इथं बैलगाडीसारखा उतरत होता. काय झालं याला?”

मी म्हटलं, “बाजूचा माणूस बदलला.”

“अस्सं. पयले कोण होता?”

“होता एक मास्तर,” मी म्हणालो, आणि कुसुमला म्हटलं, चल, ऊन झालं.